नऊ जणांची यादी आणि जवसाचे तेल



या वसंत व्याख्यानमालेत काल संतवाङ्मयावर बोलणे झाले, उद्या गावाच्या पाण्याच्या प्रश्नावर होणार आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आम्ही बेसबॉल घेऊन उभे आहोत. चिटणीसांनी विषय ऐकला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ''त्याचा आपल्या गावाशी संबंध काय?'' असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, ''काहीच नाही. म्हणून तर सभेत भांडण होणार नाही.'' हे कारण त्यांना पटले, आणि आमचे नाव पत्रिकेत छापले गेले.

आता या व्यसनात आम्ही कसे सापडलो ते थोडक्यात सांगतो. 2000 सालापासून आठ वर्षे नोकरीने आम्हांला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ठेवले होते. क्रिकेट पाहायला मिळेना, म्हणून आम्ही बेसबॉल पाहू लागलो. तहान ताकावर भागवायला गेलो आणि ताकाचीच गोडी लागली. क्रिकेट येणाऱ्या माणसाला बेसबॉल पाच मिनिटांत कळतो; पटायला मात्र पाच वर्षे लागतात.

बाजूला नऊ खेळाडू, प्रत्येक बाजूचे नऊ डाव, आणि डावात तीन गडी बाद झाले की डाव संपला. मैदानात एकमेकांपासून नव्वद नव्वद फुटांवर चार ठाणी असतात. चेंडू मारून त्या चारही ठाण्यांना प्रदक्षिणा घालून घरी परत आले, की एक धाव. चेंडू दोन रेषांच्या आतून कुंपणापलीकडे गेला तर तो होमरन; मग प्रदक्षिणा रमतगमत घालावी. चेंडू टाकणारा पिचर साठ फूट सहा इंचांवरून टाकतो, आणि टप्पा पडू न देता टाकतो. आपल्याकडे फुलटॉस म्हणजे फलंदाजाला मेजवानी. तिथे सगळेच फुलटॉस, आणि तरी दहांपैकी सात वेळा फलंदाज हात हलवीत परत येतो. दहांपैकी तीनदा ज्याला साधते तो उत्तम फलंदाज! दहांपैकी तीन गुण मिळवून आमच्या शाळेत कोणी उत्तम ठरला असता, तर आम्ही आज निराळ्या हुद्द्यावरून निवृत्त झालो असतो.

जो नुसता खेळ पाहतो तो प्रेक्षक. जो आकडे पाठ करतो तो शौकीन. बेसबॉलचा शौकीन आकड्यांवर जगतो. 1941 साली टेड विल्यम्स नावाच्या फलंदाजाची सरासरी हंगामाच्या अखेरच्या दिवशी सकाळी इतकी होती, की ती छापताना दहांपैकी बरोबर चार अशी धरली गेली असती. तो घरी बसला असता तरी चालले असते. तो बसला नाही. त्या दिवशीचे दोन्ही सामने तो खेळला, आठांपैकी सहा वेळा त्याने चेंडू मारून ठाणे गाठले, आणि हंगामाची सरासरी .406 झाली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळून कोणीही चारशेला पोचलेला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिची गरज लागणार आहे.

शौकिनाचा दुसरा उद्योग म्हणजे यादी. सामन्याआधी दोन्ही बाजूंचे मॅनेजर नऊ नावांची क्रमवार यादी पंचाच्या हाती देतात. मग तो क्रम ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. नवव्यानंतर पुन्हा पहिला. बदली खेळाडू त्याच जागी येतो, आणि ज्याला काढले तो त्या दिवशी परत मैदानात यायचा नाही. क्रिकेटचा कर्णधार या बाबतीत मुखत्यार आहे. 1937 साली मेलबर्नच्या ओल्या खेळपट्टीवर ब्रॅडमनने शेपटाकडची मंडळी पुढे धाडली, खेळपट्टी वाळेपर्यंत वेळ काढला, आपण सातव्या क्रमांकावर उतरला आणि 270 धावा करून गेला. बेसबॉलमध्ये ही हिकमत चालत नाही. तिथे सकाळची चूक संध्याकाळपर्यंत भोगावी लागते.

म्हणून ही यादी म्हणजे मंत्रिमंडळाचे खातेवाटप असते. पहिला हवा चपळ आणि चिकट, कसेही करून ठाण्यावर जाऊन बसणारा. दुसरा हवा समजूतदार. आपण बाद झालो तरी चालेल, पण पहिल्याला पुढे सरकवू, असे म्हणणारा, म्हणजे एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ. तिसरा सर्वांत गुणी. चौथा दांडगा; पुढचे तिघे ठाण्यांवर जमले, की एका फटक्यात सगळ्यांना घरी आणून अंगण झाडून टाकणारा. तिथे त्याला नावच मुळी 'साफसफाई करणारा' असे आहे. पाचव्यापासून पुढे उतरती कळा, आणि नवव्या जागी पूर्वी पिचर असे, कारण त्याला चेंडू टाकता येतो, मारता येत नाही. पिचरला फलंदाजी करताना पाहणे म्हणजे सोवळे नेसलेल्या भटजीबुवांना सायकलवर पाहणे. अमेरिकन लीगला 1973 साली त्याची कीव आली, आणि त्याच्या जागी फक्त फलंदाजी करणारा दहावा गडी आणण्याची मुभा मिळाली. आमच्या नॅशनल लीगने, 2020 चा एक हंगाम सोडला तर, 2022 पर्यंत ही सुधारणा मानली नाही. आम्ही सनातन पक्षाचे. भटजीबुवा पडले तरी चालतील, पण सायकल त्यांनीच चालवावी, असे आमचे मत होते.

ही यादी रोज निघते. हंगामात एका संघाचे 162 सामने, म्हणजे 162 याद्या; आणि त्यांतली एकही शौकिनाला पसंत पडत नाही. आम्ही स्वतः आगगाडीच्या तिकिटामागे, वाण्याच्या बिलामागे, एकदा तर विजेच्या बिलावर याद्या लिहिल्या आहेत. आमची प्रत्येक यादी मॅनेजरच्या यादीपेक्षा सरस होती. तिची परीक्षा कधीच झाली नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

1998 साली सेंट लुइसच्या टोनी ला रुसा या मॅनेजरने पिचरला नवव्याऐवजी आठव्या जागी घातले. लोक हसले. पण त्याचा हिशेब असा, की यादी फिरून वर येते तेव्हा तिसऱ्या जागच्या मार्क मॅग्वायरपुढे ठाण्यांवर जास्त माणसे असावीत. तो हंगाम मॅग्वायरचा होता. आणि इथून आमच्या गोष्टीत तो दहावा गडी शिरतो, ज्याचे नाव कोणत्याही यादीत लिहिलेले नसे. तो म्हणजे औषधवाला.

औषधवाला या खेळाला नवा नाही. 1889 साली पिट्सबर्गच्या पड गॅल्विन या पिचरने ब्राउन-सेकार नावाच्या वैद्यकपंडिताचा काढा टोचून घेतला. हा काढा जनावरांच्या वृषणांपासून केलेला होता. आपल्या वैद्यांना यात वाजीकरणाची आठवण होईल. दुसऱ्या दिवशी गॅल्विन सामना जिंकला, आणि वर्तमानपत्राने त्या काढ्याचे गुणगान केले. चोरी नाही, लपवाछपवी नाही, उलट जाहिरात! काढ्यात बहुधा पाण्यापलीकडे काही नव्हते. पण विश्वासाचा गुण आला.

1998 मधले पाणी निराळे होते. त्याआधी 1994 साली खेळाडूंचा संप झाला होता, आणि हंगामाचा शेवटचा मोठा उत्सव, वर्ल्ड सिरीज, 1904 नंतर प्रथमच बुडाला होता. लोक रुसले होते. त्यांना परत आणले मॅग्वायर आणि सॅमी सोसा या दोघांनी. एका हंगामात बेब रूथने 1927 साली साठ होमरन मारले होते, रॉजर मॅरिसने 1961 साली एकसष्ट. सदतीस वर्षे तो आकडा हलला नव्हता. 1998 मध्ये मॅग्वायरने सत्तर मारले आणि सोसाने सहासष्ट. बासष्टावा गेला तेव्हा मॅरिसची मुले मैदानात हजर होती. मॅग्वायरने त्यांना मिठी मारली, आणि उभा देश गहिवरला. त्याच ऑगस्टमध्ये एका पत्रकाराला मॅग्वायरच्या कपाटात एक बाटली दिसली होती. शरीरात गेल्यावर जिचे पौरुषाच्या संप्रेरकात रूपांतर होते अशी ती वस्तू, दुकानात उघड मिळणारी; ऑलिंपिकमध्ये तिला बंदी, बेसबॉलमध्ये नाही. लोक रागावले, पण कोणावर? पत्रकारावर! दुसऱ्याच्या कपाटात डोकावतो म्हणजे काय?

2001 साली सत्तराचेही त्र्याहत्तर झाले. हे मारणारा बॅरी बॉण्ड्‌स आमच्या गावचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा. भगिनींनो आणि बंधूंनो, 'आपला तो बाब्या' ही म्हण ज्याने केली तो बेसबॉल पाहत असला पाहिजे. त्या वेळचा बॉण्ड्‌स कसा होता हे आम्ही कितीही सांगितले तरी अपुरे पडेल. आमचे मैदान समुद्राच्या खाडीला लागून. उजवीकडचे कुंपण ओलांडले की चेंडू पाण्यात. तिथे लोक छोट्या होड्या आणि मासे धरायची जाळी घेऊन त्याच्या चेंडूची वाट पाहत बसत. समोरचा पिचर घाबरून त्याला चेंडू मारूच देत नसे. चार वाईट चेंडू टाकले की फलंदाजाला पहिले ठाणे फुकट मिळते. 2004 च्या एका हंगामात बॉण्ड्‌सला असे 232 वेळा फुकट जाऊ दिले, त्यांतले 120 वेळा उघड उघड, ठरवून. त्याआधी 1998 मध्येच अॅरिझोनाच्या मॅनेजरने तिन्ही ठाणी भरलेली असताना त्याला असे सोडले होते, म्हणजे समोरच्याला एक धाव हातावर ठेवून वाट मोकळी करून दिली होती. आणि अॅरिझोना तो सामना एका धावेने जिंकलेही. दारी आलेल्या सावकाराला व्याज देऊन मुद्दल वाचवावे, तसा हा व्यवहार.

सप्टेंबर 2003 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला बर्लिंगेम गावी एका प्रयोगशाळेवर सरकारची धाड पडली. तिथून एक मलम आणि एक थेंबांचे औषध मोठमोठ्या खेळाडूंकडे जात असे. पुढे 2004 च्या डिसेंबरात तिथल्या वर्तमानपत्राने बॉण्ड्‌सची बंद दरवाजाआडची साक्ष छापली. त्याने सांगितले होते, की मलम सांधेदुखीचे आहे आणि थेंब जवसाच्या तेलाचे आहेत, असे आपण समजत होतो.

जवसाचे तेल! आमच्या आजीने ऐंशी वर्षे जवसाची चटणी खाल्ली. तिने एकदाही चेंडू खाडीत घातला नाही. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही हसलो नाही. आम्ही वकील झालो. कचेरीत, आगगाडीत, फोनवर आम्ही त्याची बाजू लढवली, आणि आमचे मुद्दे चार होते.

पहिला मुद्दा, औषधाने चेंडू दिसत नाही. डोळा हवा, मनगट हवे. औषधाने तयार होतो तो नुसता पैलवान. हे खरे आहे. पण होमरनमध्ये अर्धा गुण नसतो. कुंपणाच्या अलीकडे झेलला गेला तर शून्य, दोन हात पलीकडे पडला तर सर्वस्व. ज्याला डोळा आहेच, त्याला ते दोन हात मिळाले की आकड्यांचा डोंगर होतो. शिवाय ते औषध थकलेले स्नायू लवकर भरून काढते. आणि 162 सामन्यांच्या हंगामात पस्तिशी ओलांडलेल्या गड्याला ते डोळ्याइतकेच कामाला येते.

दुसरा मुद्दा, नियम कुठे होता? नियम होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ही औषधे घेणे देशाच्या कायद्याविरुद्ध होते, आणि 1991 साली बेसबॉलच्या कमिशनरनेही संघांना तसे लिहून कळवले होते. नव्हती ती तपासणी. कायदा आहे, तपासणी नाही, या स्थितीशी आपण मंडळी अपरिचित नाही. पहिली तपासणी 2003 मध्ये झाली, तीही नावे गुप्त ठेवून, आणि आधी सांगूनसवरून. शेकडा पाचांपेक्षा अधिक सापडले तरच पुढच्या वर्षी खरी तपासणी, असा करार. परीक्षा आहे हे ठाऊक असूनही शेकडा पाचांपेक्षा अधिक सापडले.

तिसरा मुद्दा, पूर्वीचे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? गेलॉर्ड पेरी या पिचरने चेंडूला ओलावा लावून फसवण्यावर नाव कमावले, 1974 साली त्या थुंकीच्या विद्येवर आत्मचरित्र लिहिले, आणि 1991 मध्ये त्याला कूपर्सटाउनच्या मानमंदिरात बसवले. जुने खेळाडू तरतरीच्या गोळ्या घेत, त्यांवर 2006 पर्यंत बंदी नव्हती.

चौथा मुद्दा, सगळेच घेत होते. आणि याला पुरावा मिळत चालला होता. मार्च 2005 मध्ये संसदेच्या समितीपुढे खेळाडूंच्या साक्षी झाल्या. मॅग्वायर म्हणाला, मी भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही. इतिहास विषयात नापास होणाऱ्या सर्व मुलांना हे उत्तर आवडले असेल. राफाएल पाल्मेरोने बोट रोखून सांगितले, की मी कधीही घेतले नाही; आणि ऑगस्टमध्ये त्याच्या तपासणीत ते सापडल्याचे जाहीर झाले. सोसाचे इंग्रजी त्या दिवशी एकाएकी आटले, आणि वकिलाने निवेदन वाचले. 2007 च्या डिसेंबरात सेनेटर मिचेल यांचा 409 पानांचा अहवाल आला. मॅग्वायरने 2010 मध्ये कबुली दिली. बॉण्ड्‌सने जाणूनबुजून घेतल्याचे कधीही मान्य केले नाही. त्याच्यावर खटला झाला, न्यायात अडथळा आणल्याबद्दल 2011 मध्ये तो दोषी ठरला, आणि 2015 मध्ये वरच्या कोर्टात सुटला. त्याचा तालीममास्तर मात्र त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यापेक्षा वर्षाहून अधिक काळ तुरुंगात बसला. कोल्हापूरच्या तालमीत अशी वस्तादनिष्ठा ऐकली होती. इथे शागिर्दनिष्ठा पाहिली.

तर असे आमचे चार मुद्दे. ते घेऊन आम्ही 7 ऑगस्ट 2007 च्या रात्री मैदानावर गेलो. हँक आरनचा आकडा 755. त्याच्याआधी बेब रूथचा 714. तो 714 ओलांडायला आरन 1974 साली निघाला, तेव्हा एका काळ्या माणसाने रूथला मागे टाकू नये म्हणून त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. तो रोज ती मागे ठेवून मैदानात उतरत होता. एका हंगामात पन्नास होमरन त्याने कधीही मारले नाहीत. तेवीस वर्षे, पगारदार माणसाने पोस्टात पैसे टाकावे तसे, तो बहुतेक वर्षी तीस-चाळीस टाकत गेला. 755 ही त्याची पुंजी होती.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर नेहमी एक म्हातारे गृहस्थ बसत. ते वहीत प्रत्येक चेंडूची नोंद करीत. बेसबॉलच्या नोंदवहीत प्रत्येक फलंदाजापुढे ठाण्यांचा एक चौकोन असतो. होमरन झाला की तो चौकोन पेन्सिलीने काळा भरायचा. त्या रात्री बॉण्ड्‌सने 756 वा मारला. मैदान उठून उभे राहिले, आम्हीही राहिलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. फलकावर हँक आरन दिसला. त्याने सभ्यपणे अभिनंदन केले. आम्ही खाली बसलो आणि वहीकडे पाहिले. म्हाताऱ्याने चौकोनाच्या चारही रेषा काढल्या होत्या. भरला नव्हता. आम्ही विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, की ही वही नातवाला जायची आहे. भरायचा की नाही ते तो ठरवील.

आमचे चार मुद्दे त्या रिकाम्या चौकोनात पडले ते आजतागायत वर आलेले नाहीत. कारण त्यांत दोन माणसे आम्ही मोजलीच नव्हती. एक, आरन. आणि दुसरा तो, ज्याचे नाव तुम्हांला, आम्हांला, कोणालाच ठाऊक नाही. ज्याने औषध घेतले नाही, ज्याचे चेंडू कुंपणाच्या दोन हात अलीकडे झेलले गेले, आणि जो छोट्या गावांच्या लीगमध्ये चार वर्षे काढून घरी परतला. 'सगळेच घेत होते' हे वाक्य त्याच्या तोंडावर दार लावून घेते. टेड विल्यम्स त्या शेवटच्या दिवशी खेळला म्हणून त्याच्या .406 ला अर्थ आला. आकड्यामागे माणूस उभा असेल तरच आकडा पाठ करण्यात गंमत. नाही तर पाढे काय आपण शाळेतही पाठ केले होते.

आता शौकिनाच्या सवयीने आम्ही एक अखेरची यादी तयार केली आहे. ही गुन्हेगारांची यादी आहे. पहिला, औषध पुरवणारा. चपळ, चटकन ठाणे गाठणारा. दुसरे, संघांचे मालक. संपानंतर रिकाम्या खुर्च्या भरू लागल्या तशी त्यांनी दृष्टी आवरती घेतली. तिसरा, सर्वांत गुणी, खुद्द खेळाडू. चौथ्याकडे मग येऊ. पाचवा, कमिशनर; ज्यांच्या कारकिर्दीत हे सारे घडले ते बड सेलिग 2017 साली मानमंदिरात गेले. सहावी, खेळाडूंची संघटना. तपासणी नको म्हणून ती वर्षानुवर्षे अडून बसली. सातवे, पत्रकार, बाटली एकाला दिसली, बाकीच्यांना कपाटही दिसले नाही. आठवा, पिचर, त्यांच्यापैकीही पुष्कळ सापडले, म्हणजे मारणारा आणि मार खाणारा एकाच दुकानाचे गिऱ्हाईक. नववा, कायदा, त्याची पाळी येईपर्यंत डाव आटोपत आलेला असतो.

आणि चौथा, अंगण झाडून टाकणारा, तो आम्ही, प्रेक्षक. आम्ही तिकिटे काढली. आम्ही होड्या घेऊन बसलो. साठांनी आमचे पोट भरले नाही, आम्हांला सत्तर हवे होते, मग त्र्याहत्तर. कोणी बाटली दाखवली तर आम्ही दाखवणाऱ्यावर चिडलो. 2006 साली सॅन डिएगोला एका प्रेक्षकाने बॉण्ड्‌सच्या दिशेने सिरिंज फेकली. तो प्रकार ऐकून आम्ही फार संतापलो होतो. आता वाटते, ती सिरिंज थोडी आमच्याही खुर्चीकडे यायला हवी होती.

तो 756 वा चेंडू एका कपड्यांच्या व्यापाऱ्याने 752,467 डॉलरला घेतला, आणि त्याचे काय करावे यावर लोकांची मते मागवली. बहुमत पडले, की त्यावर तारका कोरावी, म्हणजे आपण पुस्तकात तळटीप आहे हे दाखवायला छापतो तसली, आणि तो मानमंदिराला द्यावा. तसे झाले. पत्रकारांच्या मतदानात मानमंदिरासाठी शेकडा पंचाहत्तर मते लागतात. 2022 साली, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, बॉण्ड्‌सला सहासष्ट मिळाली. चेंडू आत, मारणारा बाहेर. आणि काढा टोचून घेणारा गॅल्विन? तो 1965 पासून आत आहे.

आमच्याकडे त्या रात्रीचे तिकीट आहे. त्याच्यामागे आमच्या हाताने लिहिलेली यादी आहे, आणि चौथ्या जागी बॉण्ड्‌सचे नाव आहे. ते खोडायला आमचा हात उचलत नाही, आणि आता अभिमानाने कोणाला दाखवावे असेही वाटत नाही. त्या म्हाताऱ्यांचा नातू एव्हाना मोठा झाला असेल. त्याने चौकोन भरला की नाही, हे कळले तर पुढल्या वसंतात चिटणीसांनी बोलावल्यास येऊन सांगू. आमचा डाव संपवतो.